करोल बागेतील एक मत आणि महापालिकेची उतरंड : दिल्लीत नगरसेवकाच्या हाती नेमके काय?

करोल बाग (नवी दिल्ली) : करोल बाग परिसरातील देवनगर प्रभागाचे नगरसेवक महेश खिंची १४ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचे महापौर झाले. आम आदमी पक्षाच्या खिंची यांना १३३ मते मिळाली, तर भारतीय जनता पक्षाचे किशन लाल यांना १३०. दोन मते बाद ठरली. देशाच्या राजधानीचे महापौरपद अवघ्या तीन मतांनी निश्चित झाले. मात्र ते पद खिंची यांच्याकडे जेमतेम पाच महिने राहिले. २५ एप्रिल २०२५ रोजी भाजपचे राजा इक्बाल सिंह महापौर झाले आणि महापालिकेतील सत्ता पालटली. या दोन घटनांच्या दरम्यान करोल बागेतील मतदाराने महापालिकेसाठी पुन्हा मतदान केले नव्हते.

मतदाराने २०२२ मध्ये दिलेला कौल तोच, सभागृहही तेच. तरी सत्ता बदलली. हे कसे घडले, याचे उत्तर दिल्ली महापालिकेच्या रचनेत आहे. महाराष्ट्रातील महापालिकांची ओळख असलेल्या वाचकाला ही रचना वरवर परिचित वाटते. परंतु तपशिलात ती बरीच वेगळी आहे आणि त्या वेगळेपणाचे परिणाम करोल बागेच्या गल्ल्यांत दिसतात.

करोल बागेशी मराठी माणसाचा संबंध दुहेरी आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागातून सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी देशभर विखुरलेल्या कुटुंबांपैकी काही येथील सराफी पेठेत स्थिरावली आहेत. दुसरीकडे, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून येणारे विद्यार्थी करोल बाग आणि लगतच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहतात. कारखान्याचा परवाना, इमारतीची सुरक्षितता, तुंबलेले गटार, कचऱ्याचा ढीग या साऱ्या बाबतींत दोघांचाही संबंध महापालिकेशीच येतो.

एक महापालिका, तीन आणि पुन्हा एक

दिल्ली महापालिका ७ एप्रिल १९५८ रोजी अस्तित्वात आली. स्वातंत्र्यसेनानी अरुणा असफ अली तिच्या पहिल्या महापौर होत्या. अनेक दशके महापालिकेचा कारभार चांदनी चौकातील टाऊन हॉलमधून चालला. पुढे तो मिंटो रोडवरील सिव्हिक सेंटरमध्ये हलविण्यात आला.

महापालिकेचा पाया असलेला दिल्ली महापालिका अधिनियम, १९५७ हा संसदेने केलेला कायदा आहे. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा असो वा राज्यातील इतर महापालिकांचा १९४९ चा अधिनियम, त्यांत बदल करण्याचा अधिकार महाराष्ट्र विधिमंडळाकडे आहे. दिल्लीत मात्र केंद्र सरकार आणि संसद यांचा शब्द निर्णायक ठरतो. महापालिका आयुक्तांची नियुक्तीही केंद्र सरकार करते.

२०१२ मध्ये महापालिकेचे उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे विभाजन झाले. करोल बाग तेव्हा उत्तर दिल्ली महापालिकेत होते. दहा वर्षांनी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून तिन्ही महापालिका एकत्र केल्या आणि २२ मे २०२२ पासून पुन्हा एकच महापालिका अस्तित्वात आली. प्रभागांची संख्या २७२ वरून २५० करण्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार एका प्रभागात सरासरी ६५ हजारांच्या आसपास लोकसंख्या येते. मुंबईप्रमाणेच दिल्लीतही एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. महाराष्ट्रातील इतर महापालिकांत रूढ असलेली बहुसदस्यीय प्रभाग पद्धत येथे नाही.

संपूर्ण दिल्ली मात्र या महापालिकेच्या अखत्यारीत नाही. संसद भवन व मंत्रालयांचा परिसर नवी दिल्ली नगरपरिषदेकडे आहे, तर लष्करी वसाहतीचा भाग छावणी मंडळाकडे. उर्वरित जवळपास सर्व शहराची जबाबदारी महापालिकेवर आहे.

२०२२ चा कौल

एकत्रित महापालिकेची पहिली निवडणूक ४ डिसेंबर २०२२ रोजी झाली आणि ७ डिसेंबरला मतमोजणी पार पडली. आम आदमी पक्षाला १३४, भाजपला १०४, काँग्रेसला ९ जागा मिळाल्या. तीन अपक्ष निवडून आले. सलग पंधरा वर्षांची भाजपची सत्ता संपुष्टात आली. मतांच्या टक्केवारीत अंतर मात्र फारसे नव्हते. आम आदमी पक्षाला सुमारे ४२ टक्के, तर भाजपला सुमारे ३९ टक्के मते मिळाली.

सुमारे १ कोटी ४५ लाख मतदारांपैकी निम्म्याच मतदारांनी हक्क बजावला. मतदानाची टक्केवारी ५०.५ च्या आसपास राहिली. २०१७ मध्ये ती ५३ टक्क्यांहून अधिक होती. फेब्रुवारी २०२५ च्या विधानसभा निवडणुकीत त्याच शहराने ६० टक्क्यांहून अधिक मतदान केले. घराला सर्वांत जवळची असलेली निवडणूक मतदाराच्या मनात सर्वांत दूर आहे, असे हे आकडे सांगतात.

या निवडणुकीत ४२ प्रभाग अनुसूचित जातींसाठी राखीव होते. त्यांपैकी २१ महिलांसाठी होते. उरलेल्या २०८ पैकी १०४ प्रभाग महिलांसाठी राखीव होते. म्हणजेच २५० पैकी १२५ जागा महिलांच्या होत्या.

महापौर निवडतो कोण?

दिल्लीचा महापौर थेट जनतेतून निवडला जात नाही. एवढ्यापुरते महाराष्ट्राशी साम्य आहे. फरक मतदारसंघात आहे. महापौरपदासाठी २५० नगरसेवकांबरोबरच दिल्लीचे सात लोकसभा सदस्य, तीन राज्यसभा सदस्य आणि विधानसभा अध्यक्षांनी नामनिर्देशित केलेले १४ आमदार मतदान करतात. एकूण मतदार २७४ होतात आणि पूर्ण उपस्थितीत बहुमताचा आकडा १३८ ठरतो.

म्हणून विधानसभा किंवा लोकसभेच्या निकालाचा थेट परिणाम महापौरपदावर होतो. आम आदमी पक्षाची दिल्लीत सत्ता असताना १४ पैकी १३ आमदार त्या पक्षाचे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये विधानसभेत भाजपला बहुमत मिळाल्यानंतर हे प्रमाण पालटून ११ भाजपचे आणि तीन आम आदमी पक्षाचे असे झाले. नगरसेवकांच्या संख्येत काहीही बदल झाला नसता, तरी गणित बदललेच असते.

दुसरा फरक कालावधीचा. महाराष्ट्रात महापौरपदाची मुदत अडीच वर्षे असते; दिल्लीत ती एक वर्ष आहे. पाच वर्षांच्या कार्यकाळात पहिले वर्ष महिलेसाठी, तिसरे वर्ष अनुसूचित जातीच्या सदस्यासाठी राखीव असते. खिंची याच तिसऱ्या वर्षाचे महापौर होते. ती निवडणूक एप्रिल २०२४ मध्ये व्हायची होती. पण पीठासीन अधिकाऱ्याच्या नियुक्तीवरून पेच निर्माण झाला. मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल त्या वेळी अटकेत होते आणि त्यांच्या शिफारशीविना नियुक्ती करण्यास उपराज्यपालांनी असमर्थता दर्शविली. निवडणूक नोव्हेंबरपर्यंत लांबली आणि अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या वर्षातील सात महिने तसेच निघून गेले.

तिसरा फरक पक्षांतराचा. संविधानाची दहावी अनुसूची संसद आणि विधिमंडळांच्या सदस्यांना लागू होते, स्थानिक संस्थांना नाही. महाराष्ट्राने ही पोकळी १९८६ च्या स्वतंत्र अधिनियमाने भरून काढली. पक्षादेश मोडणारा नगरसेवक तेथे अपात्र ठरू शकतो. दिल्लीत तशी तरतूद नाही. त्यामुळे २०२२ नंतर अनेक नगरसेवकांनी पक्ष बदलले आणि पद गमावले नाही. मे २०२५ मध्ये आम आदमी पक्षाच्या १५ नगरसेवकांनी मुकेश गोयल यांच्या नेतृत्वाखाली ‘इंद्रप्रस्थ विकास पक्ष’ नावाचा वेगळा गट स्थापन केला. त्यापूर्वीच, एप्रिलमधील महापौर निवडणुकीवर आम आदमी पक्षाने बहिष्कार टाकला होता. राजा इक्बाल सिंह यांना १३३ आणि काँग्रेसचे मनदीप सिंह यांना आठ मते मिळाली.

नामनिर्देशित सदस्यांचा वाद

निवडून आलेल्या सभागृहात दहा नामनिर्देशित सदस्यांचीही भर पडते. दिल्लीत त्यांना ‘एल्डरमन’ म्हणतात. महाराष्ट्रातील स्वीकृत नगरसेवकांशी त्यांची तुलना करता येईल. महापालिका प्रशासनाचा विशेष अनुभव किंवा ज्ञान असलेल्या व्यक्तींना स्थान मिळावे, हा या तरतुदीचा हेतू. प्रत्यक्षात त्यावरून महापालिकेचे कामकाज दीर्घकाळ रखडले.

६ जानेवारी, २४ जानेवारी आणि ६ फेब्रुवारी २०२३ अशा तीन बैठका गोंधळात संपल्या आणि महापौर निवडला गेला नाही. नामनिर्देशित सदस्यांना महापौर निवडणुकीत मताधिकार आहे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. १७ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २४३ आर चा आधार घेत त्यांना हा अधिकार नसल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर २२ फेब्रुवारीला आम आदमी पक्षाच्या शेली ओबेरॉय १५० मते मिळवून महापौर झाल्या. त्यांच्या विरोधात ११६ मते मिळालेल्या भाजपच्या रेखा गुप्ता दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दिल्लीच्या मुख्यमंत्री झाल्या.

हे सदस्य नेमायचे कोणी, हा दुसरा प्रश्न होता. ५ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हा अधिकार १९५७ च्या अधिनियमाने थेट उपराज्यपालांना दिला आहे आणि त्यासाठी दिल्लीच्या मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक नाही. नामनिर्देशित सदस्यांना महापौर निवडणुकीत मत नसले, तरी आपापल्या झोनच्या वॉर्ड समितीत ते मतदान करतात. स्थायी समितीचे गणित तेथूनच सुरू होते.

खरी चावी स्थायी समितीकडे

महापौर सभागृहाचे अध्यक्षपद भूषवितो. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि पैशाची चावी १८ सदस्यांच्या स्थायी समितीकडे. यातील सहा सदस्य सभागृह निवडते. उरलेले १२ सदस्य प्रत्येक झोनच्या वॉर्ड समितीतून एक याप्रमाणे येतात. करोल बाग हा या १२ झोनपैकी एक आहे. २०२४ मध्ये पाच कोटी रुपयांपेक्षा अधिक खर्चाच्या कामांना स्थायी समितीची मंजुरी लागत होती. त्याखालील प्रस्ताव आयुक्त मंजूर करू शकत होते.

डिसेंबर २०२२ च्या निकालानंतर ही समिती जवळपास अडीच वर्षे अस्तित्वातच नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा सदस्यांच्या निवडणुकीत सभागृहात हाणामारी झाली. महापौरांनी फेरमतदानाचा आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने आधी त्याला स्थगिती दिली आणि मे महिन्यात तो रद्द केला. वॉर्ड समित्यांच्या निवडणुका नामनिर्देशित सदस्यांच्या प्रलंबित खटल्यामुळे थांबल्या होत्या. त्या अखेर ४ सप्टेंबर २०२४ रोजी झाल्या. भाजपने सात, तर आम आदमी पक्षाने करोल बागेसह पाच झोन जिंकले. सभागृहात मोठा असलेला पक्ष झोनमध्ये मागे पडला. त्याचे एक कारण म्हणजे नामनिर्देशित सदस्य मोजक्या झोनमध्येच नेमले गेल्याने तेथील संख्याबळ बदलले होते. समितीला अध्यक्ष मिळाला तो १२ जून २०२५ रोजी, भाजपच्या सत्या शर्मा यांच्या रूपाने.

तळघरातील पाणी आणि रिकामी समिती

हा सारा तांत्रिक वाद वाटेल. त्याची दुसरी बाजू २७ जुलै २०२४ रोजी दिसली. त्या संध्याकाळी मुसळधार पावसात ओल्ड राजेंद्र नगरमधील एका खासगी शिकवणी केंद्राच्या तळघरात पाणी शिरले आणि तेथील ग्रंथालयात अडकलेल्या तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तळघराला केवळ साठवण आणि वाहनतळासाठी परवानगी होती. हा परिसर महापालिकेच्या करोल बाग झोनमध्ये येतो. महापालिकेने त्यानंतर परिसरातील अनेक तळघरांना टाळे ठोकले आणि झोनमधील अभियंत्यांवर कारवाई केली. विद्यार्थी अनेक दिवस रस्त्यावर आंदोलन करीत होते; त्यांत महाराष्ट्रातून आलेलेही होते.

२ ऑगस्ट रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. सुनावणीत न्यायालयाने महापालिकेच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. पाच कोटींवरील कामांना स्थायी समितीची मंजुरी लागते आणि समितीच नाही, या स्थितीकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. दिल्लीच्या प्रशासकीय, आर्थिक आणि भौतिक रचनेचा फेरविचार करण्यासाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे निर्देश देण्यात आले.

समिती असती तर ती दुर्घटना टळली असती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तळघराचा गैरवापर रोखणे हे अधिकाऱ्यांचे दैनंदिन काम होते. परंतु पर्जन्यजलवाहिन्यांची मोठी कामे आणि त्यांवरील खर्च यांवर नियमित देखरेख ठेवणारी लोकनियुक्त समिती त्या काळात नव्हती, हे वास्तव उरते.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १८ सप्टेंबर २०२४ रोजी, करोल बागेच्या बापा नगरमध्ये एक जुनी इमारत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. त्याआधी १२ फेब्रुवारी २०१९ रोजी करोल बागेतील एका हॉटेलला लागलेल्या आगीत १७ जण दगावले होते. दाट वस्ती, एकाच इमारतीत कारखाना, दुकान आणि निवास, अरुंद गल्ल्या हे या भागाचे स्वरूप आहे. बांधकाम परवानगी, धोकादायक इमारतींची पाहणी आणि व्यवसाय परवाने हे विषय थेट महापालिकेचे आहेत.

जबाबदारी कोणाची?

दिल्लीतील नागरिकाला तक्रार कोठे करावी हेच अनेकदा कळत नाही. गल्लीतील स्वच्छता, प्राथमिक शाळा, जन्म-मृत्यू नोंदणी, मालमत्ता कर आणि लहान रस्ते महापालिकेकडे आहेत. ६० फूट व त्याहून रुंद रस्ते दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, पाणीपुरवठा व मलनिस्सारण दिल्ली जल मंडळाकडे, जमिनीचा विकास केंद्राच्या अखत्यारीतील दिल्ली विकास प्राधिकरणाकडे आणि पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. एखाद्या रस्त्यावर पाणी तुंबले, तर खड्डा एका यंत्रणेचा, गटार दुसरीचे आणि मलवाहिनी तिसरीची असू शकते.

७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी जोडली. अधिकार किती द्यायचे हे मात्र कायदे करणाऱ्या सभागृहांवर सोपविले.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहता येईल. लंडन शहर ३२ बरोंमध्ये विभागले आहे आणि प्रत्येक बरोची परिषद दर चार वर्षांनी निवडली जाते. एका प्रभागातून सहसा दोन किंवा तीन सदस्य निवडून येतात. बहुतेक बरोंमध्ये बहुमतातील पक्षाचा नेता आणि त्याचे मंत्रिमंडळ कारभार चालविते. काही ठिकाणी महापौर थेट जनतेतून निवडला जातो. प्रशासकीय अधिकारी परिषदेच्या निर्णयांची अंमलबजावणी करतात. राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयांनाही या निवडणुकीत मतदान करता येते. कचरा उचलला गेला नाही, तर कोणत्या पक्षाला जाब विचारायचा, हे तेथील मतदाराला माहीत असते. दिल्लीत आयुक्त केंद्राने नेमलेला आणि महापौर वर्षभरापुरता असल्याने ही साखळी तुटते.

पुढे काय?

नगरसेवक आमदार किंवा खासदार झाल्याने रिकाम्या झालेल्या १२ प्रभागांत ३० नोव्हेंबर २०२५ रोजी पोटनिवडणूक झाली. मुख्यमंत्री रेखा गुप्ता यांचा शालिमार बाग-बी प्रभागही त्यांत होता. भाजपने सात, आम आदमी पक्षाने तीन, तर काँग्रेस आणि ऑल इंडिया फॉरवर्ड ब्लॉक यांनी प्रत्येकी एक जागा जिंकली. मतदान ४० टक्क्यांच्याही आत राहिले. आता २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाचा कार्यकाळ संपल्यावर, २०२७ मध्ये सार्वत्रिक निवडणूक अपेक्षित आहे.

ही निवडणूक भारत निर्वाचन आयोग नव्हे, तर दिल्लीचा राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदार यादी मात्र विधानसभेच्या यादीवरच आधारलेली असते. त्यामुळे महाराष्ट्रातून येऊन करोल बागेत सामान्यतः वास्तव्य करणाऱ्या व्यक्तीला, ती भाड्याच्या खोलीत राहत असली तरी, येथील यादीत नाव नोंदविता येते. मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही; गावाकडील यादीतील नाव स्थलांतरित करावे लागते. गलाईच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या येथे असलेल्या आणि तरीही केवळ गावी मतदान करणाऱ्या कुटुंबांसाठी हा निवडीचा प्रश्न आहे. दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या विद्यार्थ्यासाठीही तो तितकाच खरा आहे.

या मतातून मतदार थेट निवडतो तो फक्त आपल्या प्रभागाचा नगरसेवक. पण तोच नगरसेवक महापौर निवडणुकीत मत देतो, झोनच्या वॉर्ड समितीत बसतो, स्थायी समितीवर प्रतिनिधी पाठवितो आणि पक्ष बदलला तरी पदावर राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानीचे महापौरपद तीन मतांनी ठरले होते. पुढील वेळी उमेदवार दारात येतील, तेव्हा पक्षचिन्हाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारता येतील : प्रभागातील तळघरे, जुन्या इमारती आणि गटारे यांची पाहणी शेवटची केव्हा झाली, आणि निवडून आल्यावर वॉर्ड समितीच्या किती बैठकांना आपण हजर राहणार.